हजेरीपटावर सात, रात्रीला एक

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व चाळीस सन्माननीय आमदार,
पर्वरी.

महोदय, महोदया,

आरोग्य खात्यात उभी हयात काढली, पण मी कधी कुणाला सुई टोचली नाही. माझी शाखा आस्थापनेची. मंजूर पदं, बढत्या, बदल्या, रजेचे अर्ज, पगारपत्रक, सेवापुस्तिका. एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, म्हणून चिकटलो, हेडक्लार्क होऊन बाहेर पडलो. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत, त्यांच्या डोक्याला ताप नको.

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमचे प्रश्न चांगले ओळखतो. अधिवेशनाची तारीख लागली की आमच्याकडे एलएक्यू, म्हणजे तुमचे विधानसभेतले प्रश्न, यायला सुरुवात व्हायची. त्यात एक ठरलेला असायचा: आरोग्य खात्यात डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती? विचारणारा बदलायचा, सत्तेतला विरोधात आणि विरोधातला सत्तेत जायचा, प्रश्न तोच. मी मागच्या अधिवेशनाचं उत्तर समोर ठेवायचो, चार आकडे बदलायचो आणि कागद सहीला पाठवायचो. दुपारच्या जेवणाआधी काम संपलेलं असायचं.

एका वर्षी एका केंद्रापुढे रिक्त पदांच्या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं. त्या केंद्राची लॅब टेक्निशियन तेव्हा वर्षभर दुसरीकडे होती, ‘वर्किंग अरेंजमेंट’वर. पगार या केंद्राच्या पदावर निघत होता, म्हणून पद भरलेलं. प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप होतं आणि लोक रक्त तपासायला रिक्षा करून बाजारातल्या खासगी लॅबमध्ये जात होते. पण कोण कुठे बसतं हे प्रश्नात विचारलेलं नव्हतं, आणि विचारलंय तेवढंच सांगावं हा आमच्या शाखेतला पहिला धडा. उत्तर शंभर टक्के खरं होतं. सभागृहात ते वाचलं गेलं, कुणी पुरवणी प्रश्न विचारला नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही, हे कबूल केलेलं बरं.

वाटलं ते गेल्या श्रावणात. माझी थोरली बहीण न्यूमोनियाने आडवी झाली आणि तिच्या उशाशी मी एका रुग्णालयात पाच रात्री काढल्या. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण तक्रार त्याची नाही. वॉर्डात अठ्ठावीस खाटा, सगळ्या भरलेल्या. रात्रीला एक सिस्टर, आणि एक अटेंडंट जो निम्मा वेळ कुणाला तरी स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेत असे. सिस्टर तिशीच्या आतली असेल. तिच्या डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेलं होतं: ४-२, ११-२, १९-अडीच, २३-६. आधी मला कळेना. मग लक्षात आलं, खाटेचा नंबर आणि अँटिबायोटिक द्यायची वेळ. केसपेपर टेबलावर असतात, टेबल वॉर्डाच्या एका टोकाला, आणि प्रत्येक वेळी तिथवर जाऊन बघायला तिच्याकडे पावलं शिल्लक नव्हती. हात धुतले की अक्षरं पुसट व्हायची, ती पुन्हा गिरवायची.

तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तेवीस नंबरच्या म्हाताऱ्याने भ्रमात सलाईनची सुई उपटली. चादरीवर रक्त. सिस्टर धावली. नेमकं तेव्हाच अक्काचं सलाईन संपत आलं. मी हाक मारली तर तिने तिथूनच, मान न वळवता सांगितलं, “काका, ते नळीवरचं चाक खाली सरकवा, आलेच मी.” मी सरकवलं. थेंब थांबला. त्या घटकेला त्या वॉर्डाचा अर्धा कर्मचारीवर्ग मी होतो, एक निवृत्त हेडक्लार्क, चष्मा घरी विसरून आलेला.

सवय जात नाही. अक्काला झोप लागल्यावर मी औषधाच्या पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. तो तुम्हाला दाखवण्यासाठीच हे पत्र आहे, तेव्हा थोडं सोसून घ्या.

परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, आणि वर रजेपोटी ३० टक्के राखीव. अठ्ठावीस खाटांना पाचाने भागलं तर साडेपाचच्या वर, त्यात ३० टक्के मिळवले की सव्वासात. म्हणजे हजेरीपटावर सात नावं. आता आठवड्याला प्रत्येकीच्या सहा पाळ्या धरा, एक ऑफ. सात सक बेचाळीस. बेचाळीस पाळ्या सात दिवसांत वाटल्या तर दिवसाला सहा. सकाळी राउंड असतो, ड्रेसिंग, डिस्चार्ज, ऑपरेशनला न्यायचे रुग्ण, म्हणून तीन सकाळी. दोन दुपारी. उरली एक, ती रात्री.

बघा, कुठेही चोरी नाही. एकही पद रिक्त नाही. कुणी डेप्युटेशनवर नाही, कुणी बाळंतपणाच्या रजेवर नाही, कुणाची सासू आजारी नाही, नाईटनंतरचा जादा ऑफही मी धरलेला नाही. प्रमाण पुरेपूर पाळलंय, आणि तरी रात्री अठ्ठावीस माणसांमागे एक मुलगी. सातातली एक जरी रजेवर गेली तरी सकाळ-दुपारचं गणित कोसळतं. दोन गेल्या तर रात्रीची सिस्टर सकाळी घरी जात नाही. ‘पाचांमागे एक’ हे दर पाळीला मोजायचं की एकूण नावांना, या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे. आमच्या शाखेत ते एकूण नावांना लावायचे. मीच लावायचो. उलट बाजूने हिशेब केला तर एका खुर्चीवर चोवीस तास माणूस हवा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एक माणूस ४८ तास भरतो. म्हणजे साडेतीन माणसं, आणि ३० टक्के राखीव धरून साडेचारच्या वर. एक खुर्ची, साडेचार माणसं. १०८ च्या गाडीत मागे बसणाऱ्याला, ऑक्सिजनच्या प्लांटवर लक्ष ठेवणाऱ्याला, कॅज्युअल्टीच्या दारातल्या अटेंडंटला, सगळ्यांना हाच भागाकार लागू आहे.

आता राज्याचं चित्र घ्या. गोव्याला आरोग्याच्या बाबतीत अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे आणि तो मलाही आहे. १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली, आशियातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांपैकी ती एक. मुक्तीनंतर १९६३ साली तिचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं. आज सत्तरी तालुक्यातला किंवा काणकोणातला माणूस ‘जीएमसी’ म्हणत नाही, ते जिथे आहे त्या जागेचं नाव घेऊन नुसतं ‘बांबोळी’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला आजार किती मोठा ते कळतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्याकडची ९९.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. १०८ ची गाडी २००८ पासून धावतेय. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. हे सगळं तुमच्या आणि तुमच्या आधीच्यांच्या खात्यावर जमा आहे.

म्हणूनच कुणी कर्मचारी कमी आहेत म्हटलं की उत्तर तयार असतं: गोव्यात डॉक्टरांचं प्रमाण देशात वरच्या राज्यांत आहे. असेल. पण हे प्रमाण शिजतं कसं ते बघा. केंद्र सरकार संसदेत ८११ लोकांमागे एक डॉक्टर असं सांगतं. त्यात नोंदणी झालेल्या ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के कामावर आहेत असं धरलेलं असतं आणि आयुषचे डॉक्टर मिळवलेले असतात. धरलेलं. मोजलेलं नव्हे. मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरात एकदा नाव चढलं की माणूस निवृत्त झाला, दुबईला गेला, देवाघरी गेला तरी ते आपसूक उतरत नाही. गोव्यात तर त्यावर पोर्तुगीज पासपोर्टचं प्रकरण. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळतो. पूर्वी नर्सिंग झालेल्या मुली तो घेऊन थेट लंडनला जायच्या, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आता आयर्लंडची चौकशी करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो, चवथीला येऊन गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली असती आणि परत गेलो असतो.

हा वरचा आकडा. खालचा, म्हणजे लोकसंख्येचा, त्याहून मजेशीर. गोव्याची माणसं शेवटची मोजली २०११ साली, १४,५८,५४५. जागतिक आरोग्य संघटनेने हजार लोकांमागे डॉक्टर, नर्स आणि सुईणी मिळून ४.४५ असा उंबरठा सांगितलाय. तो या संख्येला लावला तर ६,४९० माणसं होतात. पण खाटेवर झोपतात ते एवढेच का? २०२४ मध्ये एक कोटीच्या वर पर्यटक आले. ते बुडतात, भाड्याच्या दुचाकीवरून पडतात, कळंगुटात पोट बिघडून घेतात. बांधकामावरचे मजूर आहेत, ट्रॉलरवरचे खलाशी आहेत. आणि दोडामार्ग-सावंतवाडीपासून कारवारपर्यंतचे लोक आहेत, ज्यांना कोल्हापूर-हुबळीपेक्षा बांबोळी जवळ. त्यांच्याकडून जानेवारी २०१८ पासून आपण शुल्क घ्यायला लागलो. म्हणजे कॅश काउंटरवर हे लोक आपण मोजतो, पावती फाडतो. पदं ठरवताना मात्र ते नसतातच. एक क्लार्क म्हणून मला यातला विनोद जरा जास्तच कळतो.

एकूण किती, हा प्रश्न तरी निदान विचारला जातो. कोण किती, हा फारसा विचारला जात नाही, आणि खरी गोम तिथे आहे.

आपल्या खात्यातल्या पदांची यादी नीट वाचली तर तिच्यात जुन्या रोगांचा इतिहास सापडतो. हिवताप, कुष्ठरोग, क्षय, देवी. त्या त्या काळात त्या त्या रोगासाठी पदं निघाली आणि रोग ओसरला तरी पदाचं नाव राहिलं. आज गावात काय आहे? २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मोठ्या माणसांतला चौथा माणूस. साठीच्या वरचे लोक २०११ मध्येच ११.२ टक्के होते, केरळखालोखाल. मधुमेह आणि म्हातारपण यांना लागतो आहार सांगणारा, पायाची जखम धुणारी, फिजिओथेरपी देणारा, डायलिसिसच्या यंत्रापाशी बसणारा, डोळ्याचा पडदा तपासणारा. महिन्याच्या गोळ्या लिहून द्यायला डॉक्टर पाच मिनिटांत मोकळा होतो. पेजेत मीठ किती आणि भात किती हे समजावायला अर्धा तास आणि दुसरं माणूस लागतं. त्या दुसऱ्या माणसाचं पद तुमच्या मतदारसंघातल्या आरोग्य केंद्रात आहे का, ते एकदा बघून या.

यातली एक गोष्ट तर मला फार लागते. मानसिक आजारांवर गावपातळीवर काय करता येईल याचा प्रयोग जगाला गोव्याने दाखवला. ‘संगत’ या इथल्याच संस्थेने गोव्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि खासगी दवाखाने घेऊन ‘मानस’ नावाचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलायला त्यांनी डॉक्टर नसलेली, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं ठेवली, आणि सरकारी केंद्रांत त्याने रुग्णांना फरक पडला. परदेशातले विद्यार्थी हे वाचून पास होतात. मी आस्थापना शाखेत होतो, माझ्या टेबलावरून पदनिर्मितीच्या फायली गेल्या. समुपदेशकाचं एक नियमित पद निर्माण करणारी फाइल माझ्या हातून गेली नाही.

हृदयविकाराचं उदाहरण याच्या उलट, म्हणजे चांगलं. ‘स्टेमी गोवा’ या सरकारी योजनेमुळे छातीत कळ आली तर जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी निघतो, तो बांबोळीच्या तज्ज्ञांकडे जातो, त्यांनी सांगितलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात आणि मग गाडी सुटते. वाळपईहून बांबोळी तासा-सव्वा तासाची वाट, काणकोणाहून त्याहून लांब. हृदयाचा स्नायू तेवढा वेळ थांबत नाही. सगळी स्तुती तज्ज्ञांची होते आणि ती योग्यच आहे. पण ही साखळी ज्या पहिल्या कडीला अडकवलीय ती कडी म्हणजे रात्री दोन वाजता पेशंटच्या छातीवरचे केस भादरून तिथे चकत्या चिकटवणारी नर्स किंवा टेक्निशियन. ती खुर्ची भरलेली हवी. एक खुर्ची, साडेचार माणसं.

आणि या सगळ्याच्याही आधी जी येते ती आमची एमपीएचडब्ल्यू बाई. मल्टिपर्पज हेल्थ वर्कर, नावातच ‘मल्टिपर्पज’, म्हणजे काहीही सांगा. २००५ नंतर देशभर आशा सेविका नेमल्या गेल्या. गोव्यात कित्येक वर्षं त्या नव्हत्याच, गोवा सोडून सगळीकडे, असं केंद्राच्या कागदांत छापून यायचं. आम्हाला गरज नाही, असा त्यातला भाव. गरज कशी नाही, त्यांचं काम या बाईवर आणि अंगणवाडीच्या बाईवर टाकलेलं होतं. तापाच्या रुग्णाचं रक्त तपासणीच्या काचेवर घ्या, क्षयाच्या गोळ्या पोचवा, गरोदर बाईची नोंद, बाळाचं लसीकरण, टाक्यांतल्या डासांच्या अळ्या बघा, संध्याकाळी हे सगळं मोबाईलवर भरा. उपकेंद्र पाच हजार वस्तीला एक, डोंगराळ भागात तीन हजारांना एक, असं केंद्राचं प्रमाण आहे. सत्तरीत तीन हजार माणसं म्हणजे किती चढ-उतार, हे प्रमाण लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.

२०१५ साली सत्तरीत पाली भागात माकडताप निघाला. काजूचे दिवस, लोक बागायतीत, मेलेल्या माकडांवरच्या गोचिडी माणसाला चावायच्या आणि धडधाकट माणूस चार दिवसांत आडवा. तेव्हा बागायतीत जाऊन लस टोचायला आणि अंगाला लावायचं तेल वाटायला तज्ज्ञ गेले नव्हते. ह्याच बाया गेल्या, दुपारच्या उन्हात, काजूचा रस म्हणजे निरो उतरत असलेल्या खोपींत, जिथे बायामाणसांनी एकटीने जाऊ नये असं घरचे सांगतात. त्यांतल्या एकीचा प्रवासभत्ता मी अडवला होता. बसचं तिकीट जोडलेलं नव्हतं. जिथे ती गेली होती तिथे बस जात नाही हे मला माहीत होतं, पण नियमात तिकीट हवं होतं. ऑडिटवाल्याने आक्षेप घेतला असता. पुढे ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात तिने मला हसत हसत विचारलं, “भाऊ, तिकीट मिळालं का हो तुम्हाला?” सगळे हसले. मीही.

कंत्राटी माणसांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुम्हाला ते पाठ आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, परत अकरा महिने. ते खंडाचे दिवस मी टाईप केलेत. एकेका मुलीच्या आयुष्यात असे दहा-दहा खंड. त्या एका दिवशी ती घरी बसत नसे, वॉर्डातच असे, फक्त सही करत नसे. एलएक्यूच्या उत्तरात ही मुलगी कधी ‘भरलेली’त असते, कधी ‘रिक्त’मध्ये; सरकारला त्या अधिवेशनात कुठला आकडा हवा आहे त्यावर.

एक गोष्ट बोलायला जरा जड जाते. माझ्या काळात चिठ्ठ्या यायच्या. कुणाकडून ते सोडा, गोव्यात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. मी पाहिलं ते एवढंच, की चिठ्ठी अटेंडंटसाठी, ड्रायव्हरसाठी, एलडीसीसाठी यायची. रेडिओग्राफरसाठी चिठ्ठी आलेली मला आठवत नाही, कारण त्याला शिक्षण लागतं आणि तसं शिकलेला मुलगा चिठ्ठी मागायला येतच नाही, तो मुंबईला जातो. म्हणून जी पदं वाटता येतात ती निघत राहिली आणि जी वाटता येत नाहीत ती फायलीत राहिली. कर्मचारीवर्गाची घडण अशी होते, कुठल्याही आयोगाने न ठरवता. आता २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला, परीक्षा होतात, चांगलं आहे. पण आयोग असलेली पदं भरतो. कुठली पदं असावीत ते ठरवायला आयोग बसत नाही, तुम्ही बसता.

खासगीबद्दलही एक विचारा. गोव्यातल्या लहान नर्सिंग होममध्ये ज्या मुली राबतात, बऱ्याच बाहेरगावच्या, केरळच्या, कर्नाटकच्या, सिंधुदुर्गातल्या, त्यांना पगार किती मिळतो? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली सांगितलंय की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला २०,००० च्या खाली पगार नसावा, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका. त्याला इतकी वर्षं झाली, तेव्हाचे वीस हजार आजचे किती ते तुम्हीच काढा. तुमच्याच सभागृहाने २०१९ मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. त्याखाली नोंदणी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाकडे नर्सचं शिक्षण, संख्या आणि पगार मागायला काय हरकत आहे?

२०२५ च्या जूनमध्ये बांबोळीच्या कॅज्युअल्टीतल्या एका डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर झापलं गेलं. पंधरा दिवस सगळं राज्य त्यावर बोलत होतं. कोण उद्धट, कोणी माफी मागावी, कुठे मागावी, निदर्शनं, चहाच्या टपरीवर दोन तट. त्या सकाळी त्या कॅज्युअल्टीत किती रुग्ण होते आणि किती हात होते, हा प्रश्न त्या पंधरा दिवसांत एकानेही विचारलेला मी ऐकला नाही. मी वाट बघत होतो, खरंच.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या अधिवेशनात तो जुना एलएक्यू टाकू नका. त्याचं उत्तर आमच्याकडे तयार असतं. नवा मी लिहून देतो, तसाच्या तसा उतरवून घ्या, मालकी हक्क नको:

‘राज्यातील प्रत्येक सरकारी रुग्णालयात व आरोग्य केंद्रात अमुक तारखेच्या मध्यरात्री बारा वाजता प्रत्यक्ष हजर असलेले डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, फार्मासिस्ट व अटेंडंट किती होते, त्या वेळी दाखल रुग्ण किती होते, हजर असलेल्यांपैकी नियमित किती व कंत्राटी किती, आणि त्या संस्थेच्या पदावर पगार घेणारे परंतु त्या दिवशी अन्यत्र काम करणारे किती व कुठे?’

तारीख एखाद्या साध्या मंगळवारची घाला. चवथीची नको, एकतीस डिसेंबरची नको, नाहीतर अपवाद म्हणून उडवून लावतील. तारीख आधी कुणाला सांगू नका. ही माहिती जमवायला वेळ लागत नाही, प्रत्येक वॉर्डात रात्रीचा रिपोर्ट लिहिलेला असतो; सिस्टर पहाटे पाचला लिहितात, तळहातावरचं पुसायच्या आधी. हेडक्लार्कला दोन दिवस पुरतात, तो आठ मागेल. आणि उत्तरात ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं आलं, तर ते माझ्यासारख्याच कुणीतरी जेवणाआधी लिहिलेलं आहे असं समजा आणि पुढल्या अधिवेशनात तोच प्रश्न तसाच परत टाका.

आपला,
आस्थापना शाखेतला एक निवृत्त हेडक्लार्क
सत्तरी, गोवा

ता. क. अक्का बरी आहे. परवा तिने स्वतः उठून पेज केली.